अहर्गण आणि आवृत्ती

सतराव्या शतकाच्या आरंभी काशीत गोदाकाठहून आलेली दोन घराणी नांदत होती. एक गोलग्रामच्या ज्योतिष्यांचे. या घराण्याचे मूळ पुरुष दिवाकर हे कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांचे शिष्य. दिवाकरांचे पुत्र विश्वनाथ काशीत बसून गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघवा’वर सोडवलेल्या गणितांसह टीका लिहीत होते. दुसरे घराणे पैठणच्या भट्टांचे. त्यातल्या कमलाकर भट्टांनी १६१२ साली काशीतच ‘निर्णयसिंधु’ पुरा केला. शिवराज्याभिषेकामुळे महाराष्ट्राला ठाऊक असलेले गागाभट्ट हे या कमलाकरांचे पुतणे.

दोन्ही घराण्यांचा विषय एकच होता: दिवस. पण कामे वेगळी होती. ज्योतिषी दिवस मोजत. अमुक क्षणापासून किती दिवस गेले, आज चंद्रसूर्य कुठे आहेत, तिथी किती वाजता पालटते, हे ते गणिताने काढत. भट्ट त्या गणितातून आलेल्या तिथीचे काय करायचे ते ठरवत. एकादशी दोन दिवसांत विभागली तर उपास कोणत्या दिवशी, तिथीचा क्षय झाला तर सण कधी, ही त्यांची बाजू. पहिले काम नियम पाठ असलेल्या कुणालाही जमेल असे होते. दुसऱ्यासाठी त्या दिवसावर कोणाचे काय अवलंबून आहे, हे कळावे लागे.

आज सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांपुढे हीच दोन कामे एका छोट्या आकड्यात गुंतून उभी राहतात. तो आकडा म्हणजे आवृत्ती क्रमांक, रोजच्या बोलीत ‘व्हर्जन नंबर’. तो हाताने न घालता यंत्राकडून आपोआप घालून घ्यावा, असा प्रयत्न गेली कित्येक वर्षे चालू आहे. मोजणी यंत्राकडे सोपवता येते, यात शंका नाही. अडते ते निर्णयापाशी.

लायब्ररी आणि तिचा आकडा

सॉफ्टवेअरमधली लायब्ररी म्हणजे इतरांनी आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरावा म्हणून लिहिलेला कोड. समजा, कुणी ‘तिथी’ नावाची लायब्ररी लिहिली. तिला तारीख आणि गाव सांगितले की ती त्या दिवशीची तिथी सांगते. एक कॅलेंडर ॲप ती वापरते, एक देवस्थान आपल्या संकेतस्थळावर उत्सवांच्या तारखा दाखवायला वापरते, आणि तिसरा कुणी तिच्यावर आपली स्वतःची लायब्ररी बांधतो. लेखकाला यांतल्या बहुतेकांची नावेही ठाऊक नसतात. त्यांच्यापर्यंत पोचणारी एकच गोष्ट असते: ‘१.४.२’ असा आकडा.

या आकड्याने दोन गोष्टी सांगायच्या असतात. पहिली, क्रम. दोन प्रतींपैकी नंतरची कोणती, हे निःसंशय कळले पाहिजे. दुसरी, वचन. नवी प्रत घेतली तर माझे चालते काम मोडणार नाही ना, याचे उत्तर मिळाले पाहिजे. क्रम ही मोजण्याची गोष्ट आहे, वचन ही ठरवण्याची.

क्रमही वाटतो तितका सरळ नाही. १.९ नंतर १.१० येते. टिंबामुळे हे दशांश अपूर्णांक वाटतात, आणि अपूर्णांक म्हणून वाचले तर १.१० लहान ठरते. अक्षरांप्रमाणे क्रम लावला तरी तीच चूक होते. म्हणून प्रत्येक टिंबापुढचा भाग स्वतंत्र पूर्णांक म्हणून वाचावा लागतो. या आकड्याशी गंमत करायची सवलत फार थोड्यांना असते. डोनाल्ड क्नुथ यांच्या ‘टेक’ या छपाईच्या प्रणालीचा क्रमांक प्रत्येक दुरुस्तीला पाय या संख्येच्या एकेक अंकाने पुढे सरकतो. २०२१ मध्ये तो ३.१४१५९२६५३ झाला. जिथे बदल कित्येक वर्षांतून एकदा होतो आणि तो करणारा एकच माणूस असतो, तिथे हे चालते. ज्या लायब्ररीत दिवसाला दहा बदल होतात, तिथे आकडा घालायला माणूस बसवणे परवडत नाही. तो विसरतो, एकच आकडा दोनदा वापरतो, एका फाइलीत बदलतो आणि दुसरीत बदलायचा राहतो.

दिवस मोजणारे यंत्र

आकडा आपोआप घालण्याची एक जुनी आणि सोपी युक्ती मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये आहे. तिथे आवृत्तीचे चार भाग असतात. पहिले दोन माणसाने लिहायचे आणि पुढे तारका ठेवायची, जसे १.०.*. उरलेले दोन भाग कंपायलर, म्हणजे कोडपासून चालणारी प्रत बनवणारा प्रोग्रॅम, भरतो; अशी प्रत बनवणे म्हणजे बिल्ड करणे. तिसऱ्या भागात १ जानेवारी २००० पासून उलटलेले दिवस येतात, चौथ्यात मध्यरात्रीपासून उलटलेल्या सेकंदांची निम्मी संख्या. १९ मार्च २०२६ रोजी सकाळी नऊ वाजता वाराणसीतल्या संगणकावर बिल्ड केले, तर आकडा १.०.९५७४.१६२०० असा येईल.

पंचांग करणाऱ्यांना यातला तिसरा भाग लगेच ओळखू येईल. एका ठरलेल्या क्षणापासून उलटलेल्या दिवसांची संख्या म्हणजे अहर्गण. भारतीय ज्योतिषाचे सगळे गणित इथून सुरू होते: आधी अहर्गण काढायचा, मग त्याला ग्रहाच्या रोजच्या गतीने गुणून ग्रहाची जागा काढायची.

मोजणी कुठून सुरू करायची, यावर ग्रंथांचे तीन प्रकार पडतात. सिद्धांतग्रंथ कल्पाच्या आरंभापासून मोजतात, तंत्रग्रंथ युगाच्या आरंभापासून आणि करणग्रंथ अलीकडच्या एखाद्या शकापासून. फरक केवळ श्रद्धेचा नाही, श्रमाचाही आहे. कल्पापासूनचा अहर्गण बारा अंकी होतो. कलियुगापासूनचा सात अंकी. गणेश दैवज्ञांच्या काळी तो १६ लाखांवर गेला होता. इतक्या मोठ्या संख्येचे गुणाकार हाताने करायचे म्हणजे पावलोपावली चुकीला जागा.

गणेश दैवज्ञांनी ‘ग्रहलाघव’ हा करणग्रंथ रचला आणि आरंभ शके १४४२ चा, म्हणजे १५२० सालचा धरला. पण ते एवढ्यावर थांबले नाहीत. अहर्गण वाढतच जाणार हे ओळखून त्यांनी अकरा वर्षांचे, ४०१६ दिवसांचे एक चक्र कल्पिले. अकरा वर्षांत चार अधिक मास धरले तर १३६ चांद्रमास होतात आणि त्यांचे दिवस जवळपास ४०१६ भरतात. आता दिवसाची ओळख दोन आकड्यांत मावते: किती चक्रे झाली आणि चालू चक्रातले किती दिवस गेले. प्रत्येक चक्रामागे ग्रहाच्या जागेत किती फरक पडतो, तो आधीच काढून ठेवलेला. रोजचा गुणाकार मग कितीही शतके लोटली तरी चार अंकांपलीकडे फारसा जात नाही. ज्या-चापांचे, म्हणजे त्रिकोणमितीचे कोष्टकही त्यांनी गणितातून काढून टाकले. महाराष्ट्रातली पंचांगे पुढे शतकानुशतके याच ग्रंथावर चालली, यामागे या सोपेपणाचा मोठा वाटा आहे.

संगणकालाही अंकांची हीच अडचण असते. डॉटनेटच्या आवृत्तीचा प्रत्येक भाग १६ बिटांत बसवलेला असतो आणि ६५,५३४ च्या पुढे जाऊ शकत नाही. दिवसभरात ८६,४०० सेकंद असतात, ते यात मावत नाहीत. म्हणून निम्मे घेतात, म्हणजे जास्तीत जास्त ४३,२०० च्या आत राहतात. दिवसांचा भाग २१७९ सालापर्यंत पुरेल. ज्याने ही मर्यादा ठरवली त्याने हिशेब केला होता. सगळेच करतात असे नाही. २००९ मध्ये ऑपेरा ब्राउझर नवावरून दहावर गेला, तेव्हा अनेक संकेतस्थळे आवृत्तीचा फक्त पहिला अंक वाचत होती. त्यांना दहा म्हणजे एक वाटले. शेवटी ऑपेराने आपल्या ओळखपत्रात ९.८० हाच आकडा कायम ठेवला आणि खरा आकडा मागे वेगळा जोडला. २०२२ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स शंभरीला पोचले, तेव्हा दोन्हींच्या कर्त्यांनी तीन अंकी आकड्याने कोणती संकेतस्थळे मोडतात, याची आधीच चाचणी घेतली.

वार जुळतो का?

आपोआप काढलेला आकडा बरोबर आहे, हे कशावरून? अहर्गण काढताना अधिक मास, क्षयतिथी यांचे हिशेब येतात आणि एखाद्या दिवसाची चूक सहज राहते. त्यावर ज्योतिष्यांचा उपाय चोख होता: वार तपासायचा. सात दिवसांचे चक्र अखंड चालू असते, आणि आज कोणता वार आहे हे गावात कुणालाही ठाऊक असते.

‘ग्रहलाघवा’तला हिशेब असा. ४०१६ ला ७ ने भागले तर बाकी ५ उरते. म्हणून चक्रांच्या संख्येला ५ ने गुणायचे, त्यात चालू चक्राचे दिवस मिळवायचे आणि ७ ने भागायचे. बाकी शून्य आली तर सोमवार, एक आली तर मंगळवार. हा हिशेब आजच्या काळात लावून पाहू. ग्रंथाचा आरंभदिवस त्या वेळच्या ज्युलियन कॅलेंडरप्रमाणे सोमवार, १९ मार्च १५२०. तिथून १९ मार्च २०२६ पर्यंत १,८४,८०३ दिवस होतात. त्यांत ४६ चक्रांचे १,८४,७३६ दिवस जातात आणि ६७ उरतात. ४६ गुणिले ५ म्हणजे २३०, अधिक ६७ म्हणजे २९७. ७ ने भागून बाकी ३. सोमवारपासून तीन पुढे गुरुवार. १९ मार्च २०२६ चा वार गुरुवारच आहे.

काढलेला वार आणि खरा वार यांत एकाचा फरक आला, तर अहर्गणात एक मिळवायचा किंवा वजा करायचा, अशी रीत होती. या तपासणीची मर्यादाही उघड आहे: चूक बरोबर सात दिवसांची झाली, तर वार काही सांगणार नाही.

चांगली बिल्ड यंत्रणा हेच करते. नवा आकडा आधीच्यापेक्षा मोठा आहे ना, कोडमध्ये लिहिलेला आकडा आणि बाहेर जाणाऱ्या पाकिटावरचा आकडा एकच आहे ना, तो आकडा पूर्वी कुणी वापरलेला नाही ना, हे ती पाहते आणि जुळले नाही तर प्रकाशन थांबवते. आकडा काढण्याची रीत एक आणि तपासण्याची दुसरी, असे असले तरच तपासणीला अर्थ असतो. विश्वनाथांच्या टीकेतली सोडवलेली गणितेही याच कामाची. शिकणाऱ्याने तीच तारीख घ्यायची, स्वतः गणित करायचे आणि उत्तर ग्रंथातल्या उत्तराशी ताडून पाहायचे. आजच्या लायब्ररीसोबत चाचण्यांचा संच येतो, त्याचा हेतू यापेक्षा वेगळा नाही.

कुठल्या गावचा दिवस?

तारकेच्या युक्तीतला मोठा दोष गावाचा आहे. कंपायलर त्या संगणकाची स्थानिक वेळ घेतो. वाराणसीत १९ मार्चचे सकाळचे नऊ वाजले असतात, तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोत १८ मार्चचे रात्रीचे साडेआठ. तिथल्या सहकाऱ्याने तासाभराने तीच लायब्ररी बिल्ड केली, तर तिचा आकडा १.०.९५७३.३८७०० येईल. प्रत नंतरची, आकडा आधीचा. क्रम सांगणे एवढेच ज्याचे काम, तो आकडा तेवढेही करू शकत नाही.

पंचांगकर्त्यांनी हा प्रश्न देशांतर संस्काराने सोडवला होता. ग्रंथातले गणित उज्जयिनीवरून जाणाऱ्या मध्यरेषेसाठी असते. आपले गाव तिच्या पूर्वेला वा पश्चिमेला जितके असेल तितकी दुरुस्ती करायची. पुणे आणि काशी यांच्या सूर्याच्या वेळेत सुमारे ३६ मिनिटांचे अंतर आहे, तेव्हा एकाच ग्रंथावरून केलेली दोन गावांची पंचांगे हुबेहूब सारखी असणार नाहीत, पण हिशेब एकाच रेषेला बांधलेले असतील. आजची भारतीय प्रमाणवेळ ज्या ८२.५ अंश रेखांशाची, तो काशीशेजारच्या मिर्झापूरजवळून जातो. काशीची स्वतःची वेळ तिच्यापेक्षा दोनच मिनिटे पुढे आहे. संगणकाच्या जगात सगळ्यांनी बांधून घेण्याची रेषा म्हणजे जागतिक प्रमाणवेळ.

पण ती वापरली तरी दुसरा दोष उरतो. तोच कोड आज बिल्ड केला आणि उद्या पुन्हा केला, तर आकडे वेगळे येतात. वास्तविक आत काहीच बदललेले नसते. त्यामुळे कुणी दिलेली तयार प्रत खरोखर याच कोडपासून बनली आहे का, हे दुसऱ्याला पडताळता येत नाही. डेबियन या लिनक्स प्रणालीच्या प्रकल्पात २०१३ पासून ‘तोच कोड, तीच प्रत’ या तत्त्वासाठी पद्धतशीर काम सुरू झाले. डॉटनेटच्या सीशार्प या भाषेतल्या आजच्या प्रकल्पांतही हे तत्त्व मुळातच लागू असते आणि तिथे तारका ठेवली तर कंपायलर चूक दाखवून थांबतो. आकडा घड्याळाकडून न घेता कोडच्या इतिहासाकडून घ्यावा, इकडे आता कल आहे.

इतिहासातून निघणारा आकडा

बहुतेक लायब्रऱ्यांचा कोड आज गिटमध्ये असतो. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिहिलेली ही प्रणाली प्रत्येक बदलाची, म्हणजे कमिटची, नोंद ठेवते. प्रत्येक कमिटला त्याच्या मजकुरावरून काढलेली चाळीस अक्षरी ओळख असते. ती ओळख अचूक, पण तिच्यात क्रम नाही. दोन ओळखी समोर ठेवल्या तर आधीची कोणती ते कळत नाही. म्हणून माणूस मधून मधून एखाद्या कमिटवर टॅग लावतो: ही १.४.२. पुढच्या कुठल्याही कमिटबद्दल गिटला विचारले, तर ते सांगते की ‘१.४.२ नंतर सतरावा कमिट, आणि ही त्याची ओळख’.

चक्र आणि चालू चक्राचे दिवस, अशीच ही जोडी आहे. टॅग हा आरंभ, कमिट हे दिवस. पायथनमधले ‘सेटअपटूल्स-एससीएम’ हे साधन याच माहितीवरून आकडा काढते. टॅगच्याच कमिटवर असाल तर १.४.२, सतरा कमिट पुढे असाल तर ‘१.४.३ होऊ घातलेली, सतरावी विकासप्रत’. आकडा कोडच्या कुठल्याही फाइलीत लिहिलेला नसतो, त्यामुळे दोन ठिकाणी दोन आकडे राहण्याचा प्रश्न मिटतो. कोडला कुठेही, कधीही बिल्ड करा, आकडा तोच.

एक खाचखळगा मात्र ठाऊक असावा. बिल्ड करणारे सर्व्हर वेळ वाचवायला संपूर्ण इतिहास उतरवून घेत नाहीत, फक्त शेवटचा कमिट घेतात. गिटमधला कोड ठेवण्याच्या गिटहब या संकेतस्थळाच्या स्वयंचलित यंत्रणेतली नेहमीची पायरी मुळात अशीच चालते. टॅग दिसला नाही की साधनाला आरंभच सापडत नाही, आणि लेखकाच्या संगणकावर व्यवस्थित येणारा आकडा सर्व्हरवर भलताच येतो. उपाय सोपा आहे: टॅगांसह पूर्ण इतिहास मागून घ्यायचा. आरंभबिंदू हाताशी नसताना केलेली मोजणी कितीही काटेकोर असली तरी व्यर्थ.

मोजणी संपते तिथे

आता दुसरी बाजू. सतरावा कमिट झाला हे यंत्राने सांगितले. पण पुढची प्रत १.४.३ म्हणायची, १.५.० म्हणायची की २.०.०? इथे मोजणीचा उपयोग नाही.

या तीन भागांना नेमका अर्थ देणारा, सर्वांत जास्त मान्यता मिळालेला संकेत म्हणजे ‘सिमँटिक व्हर्जनिंग’. गिटहबच्या संस्थापकांपैकी एक, टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी तो लिहिला; त्याची आजची दुसरी आवृत्ती २०१३ ची. नियम असे: जुनी चूक दुरुस्त केली आणि वापरणाऱ्याला काही बदलावे लागत नाही, तर तिसरा आकडा वाढवा. नवी सोय घातली पण जुने सगळे चालते, तर दुसरा. वापरणाऱ्याचे चालते काम मोडेल असे काही केले, तर पहिला. पहिला आकडा शून्य असेल तोवर कसलेच वचन नाही.

आपल्या ‘तिथी’ लायब्ररीत सूर्योदयाची वेळ एका मिनिटाने चुकत होती ती नीट केली, तर १.४.३. नक्षत्र सांगण्याची सोय वाढवली, तर १.५.०. तारीख आधी आणि गाव नंतर, हा क्रम उलटा केला, तर २.०.०, कारण हजारो ठिकाणी लिहिलेला कोड त्या क्षणी चुकीचा होतो. कोडमधला बदल एका ओळीचा असू शकतो. आकडा ओळींच्या संख्येवर ठरत नाही, परिणामावर ठरतो.

‘निर्णयसिंधु’ लिहिण्याची गरज अशाच जागी पडते. २०२६ च्या गुढीपाडव्याचेच पाहा. १९ मार्चला सूर्योदयाच्या वेळी अमावास्या चालू असते. सातच्या थोडे आधी ती संपून चैत्र शुद्ध प्रतिपदा लागते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाचच्या सुमाराला, सूर्य उगवण्याआधीच, संपतेही. म्हणजे या प्रतिपदेला एकही सूर्योदय मिळत नाही. ‘सूर्योदयाची तिथी ती दिवसाची तिथी’ एवढाच नियम दिलेल्या यंत्राला विचारले, तर ते सांगेल की या वर्षी पाडवाच नाही. गणित बिनचूक आहे, उत्तर निरुपयोगी आहे. धर्मशास्त्राने यासाठी नियम करून ठेवला आहे: प्रतिपदा दोन्ही दिवशी सूर्योदयाला असो वा कोणत्याच दिवशी नसो, पहिला दिवस घ्यावा. म्हणून पाडवा १९ मार्चला.

या नियमाची घडण लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे. दोन सूर्योदय, एक सूर्योदय, शून्य सूर्योदय, अशा सगळ्या शक्यता आधीच विचारात घेऊन प्रत्येकीला उत्तर दिले आहे. विचार एकदा, जाणकाराने केला. पुढे गावोगावचा पंचांगकर्ता तो नुसता लावत गेला. काशीच्या भट्टांनी आणि पुढे १७९० च्या सुमारास ‘धर्मसिंधु’ लिहिणाऱ्या पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी केलेले काम म्हणजे निर्णयांना यंत्रवत् लावता येईल असे रूप देणे.

सॉफ्टवेअरमध्ये हेच करणारा संकेत म्हणजे ‘कन्व्हेन्शनल कमिट्स’. प्रत्येक कमिटच्या टिपणाच्या सुरुवातीला लेखकाने एक ठरलेला शब्द लिहायचा: दुरुस्ती असेल तर ‘फिक्स’, नवी सोय असेल तर ‘फीट’, आणि काही मोडणार असेल तर पुढे उद्गारचिन्ह. प्रकाशनाच्या वेळी ‘सिमँटिक-रिलीज’सारखे साधन मागच्या टॅगपासूनची सगळी टिपणे वाचते. त्यात एक जरी उद्गारचिन्ह सापडले, तर पहिला आकडा वाढतो. नाही तर एखादे ‘फीट’ असल्यास दुसरा. नुसते ‘फिक्स’ असतील तर तिसरा. मग ते टॅग लावते, बदलांची यादी तयार करते आणि प्रत बाहेर पाठवते. माणसाने आकडा एकदाही टंकलेला नसतो.

हे पाहून निर्णयही यंत्राने घेतला असे वाटते, पण तसे घडलेले नसते. प्रकाशनाच्या दिवशी, महिन्याभरात झालेल्या साठ बदलांची यादी समोर ठेवून घाईघाईने घेतला जाणारा निर्णय मागे सरकला आहे. प्रत्येक बदल ज्याने केला, त्याने तो केला त्याच वेळी, त्याचे परिणाम डोक्यात ताजे असताना, एका शब्दात लिहून ठेवला. यंत्राने फक्त ते शब्द गोळा केले. कुणी ‘फीट’च्या जागी ‘फिक्स’ लिहिले, तर यंत्र ती चूक निमूटपणे आकड्यात उतरवते.

बीजसंस्कार की नवा पाया?

चुकण्याला जागा असते ती सगळ्यांत अधिक इथे: हा बदल दुरुस्ती आहे की मोडतोड? ज्योतिषातही जुन्या ग्रंथाचे गणित आकाशाशी जुळेनासे झाले की ग्रहांच्या गतीत थोडी भर-घट करत. तिला बीजसंस्कार म्हणत. ग्रंथ तोच, रीत तीच, वापरणाऱ्याला नवे काही शिकावे लागत नाही. पण एकोणिसाव्या शतकात प्रश्न त्यापलीकडे गेला. पुण्यात जन्मलेले आणि काशीच्या संस्कृत पाठशाळेत ज्योतिष शिकवणारे बापूदेव शास्त्री (१८२१–१९००) यांनी १८६१ मध्ये ‘सूर्यसिद्धांता’चे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, पंचांग मात्र आधुनिक वेधांच्या आधारे, इंग्रजी नाविक पंचांगावरून केले. महाराष्ट्रात केरो लक्ष्मण छत्रे यांच्या गणिताने १८६५ पासून पटवर्धनी पंचांग निघू लागले होते. आकाशाशी ही पंचांगे अधिक जुळत, तरीही वाद पेटला. तिथीच्या वेळा बदलल्या की उपास, श्राद्ध, मुहूर्त बदलतात. गणकाच्या दृष्टीने ही दुरुस्ती, मानणाऱ्यांच्या दृष्टीने मोडतोड. महाराष्ट्रात जुने आणि नवे पुढे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी शेजारी चालले.

लायब्ररीच्या लेखकाचेही असेच होते. त्याने सूर्योदयाची एक मिनिटाची चूक सुधारून १.४.३ काढले, पण त्या एका मिनिटाने ज्या देवस्थानाची एकादशी पुढच्या दिवशी गेली, त्याच्यासाठी ती २.०.० होती. गुगलमध्ये काम केलेले अभियंते हायरम राइट यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम हेच सांगतो: वापरणारे पुरेसे असले, की लायब्ररीच्या प्रत्येक दिसणाऱ्या वर्तनावर, चुकांवरसुद्धा, कुणी ना कुणी विसंबून असतोच. जावाच्या मेव्हन या मोठ्या भांडारातल्या लायब्रऱ्यांवर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे एक तृतीयांश प्रकाशनांत काही ना काही मोडणारे बदल आढळले, आणि आकडा मोठ्या बदलाचा आहे की छोट्या, याने त्यात फारसा फरक पडला नव्हता.

यावर यंत्राची थोडी मदत घेता येते. एल्म या भाषेचे पॅकेज-साधन नव्या आणि जुन्या प्रतीची बाहेरून दिसणारी रचना ताडून पाहते. एखादे फंक्शन गायब असेल आणि लेखकाने पहिला आकडा वाढवला नसेल, तर प्रकाशन नाकारते. रस्टमध्ये ‘कार्गो-सेमव्हर-चेक्स’ हे साधन अशीच तपासणी करते. पण रचना तीच ठेवून आतले उत्तर बदलले, तर ही साधने गप्प राहतात. एकादशी कोणत्या दिवशी आली, हे त्यांना दिसत नाही.

वाटणी

मग यंत्राला काय द्यावे? आरंभबिंदू शोधणे, पुढचे कमिट मोजणे, आकडा एकाच ठिकाणाहून काढून सगळीकडे पोचवणे, क्रम आणि पुनरावृत्ती तपासणे, ही कामे निःशंकपणे द्यावीत. माणूस ती वाईट करतो आणि कंटाळून करतो. घड्याळ आणि गाव यांना आकड्यापासून दूर ठेवावे. रोजच्या विकासप्रतींना विकासप्रतीच म्हणावे, म्हणजे त्यांच्यावर कुणी भरवसा ठेवणार नाही. आणि एकदा बाहेर गेलेल्या आकड्याखालचा मजकूर कधीही बदलू नये; चूक निघाली तर नवा आकडा काढावा. ही शेवटची अट सिमँटिक व्हर्जनिंगच्या संकेतातच आहे, आणि पायथनची व मेव्हनची सार्वजनिक भांडारे ती सक्तीने पाळायला लावतात.

एवढे केल्यावर माणसाकडे एकच काम उरते, आणि ते टाळता येत नाही: केलेला बदल कुणाला कसा लागेल, हे ओळखून लिहून ठेवणे. ज्या गटांत स्वयंचलित आकडे फसतात, तिथे बहुधा साधन वाईट नसते. टिपणे सवडीने, ढोबळ, सगळ्यांना ‘फिक्स’ म्हणून लिहिलेली असतात. म्हणून नवे साधन बसवण्यापूर्वी गटाने आपले छोटेसे निर्णयपत्र करावे: आपल्या लायब्ररीत कशाला मोडणे म्हणायचे, उत्तरात किती फरक पडला तर तो दुरुस्ती धरायचा, शंका आली तर कोणता आकडा घ्यायचा. ‘तिथी’पुरते उत्तर सरळ आहे. ज्या बदलाने एखाद्या गावातला एक जरी सण दुसऱ्या दिवशी जातो, तो बदल कितीही बरोबर असला तरी पहिला आकडा वाढवूनच बाहेर जावा.